आधी बाळाला हलव, मग रंगाला हात लाव

ताई,
आम्ही उत्तर कसब्यात राहतो. घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. मधे चौक, वर माळवद, सगळी दारं-खिडक्या सागवानी. दर चार-पाच वर्षांनी दिवाळीला त्यावर ऑइल पेंटचा हात बसत आला. आता खिडक्यांचे पोपडे निघायला लागलेत. मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. त्याला भूक नाही, पोट साफ होत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवलं, तर हिमोग्लोबिन कमी निघालं. तो खिडकीत उभा राहून चौकट चावतो, असं मी सहज बोलले. त्यावर त्यांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं. ते डेसिलिटरला १४ मायक्रोग्रॅम आलं. पोपड्यांचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला, त्यातही शिसं निघालं. आता सगळा रंग काढून टाकायचं ठरलंय. पेंटर म्हणतो, "काय होत नाही वहिनी, ग्राइंडर मारून दोन दिवसांत मोकळं करून देतो, तुम्ही एका खोलीत बसून घ्या." सासूबाई म्हणतात, साठ वर्षं याच घरात गेली, कुणाला काय झालं? नणंदेला पाचवा महिना आहे. जानेवारीअखेर डोहाळजेवणाला ती इथे येणार, बाळंतपणही इथेच. त्याआधी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, पाहुणे. घर कसं तयार करू, कुणाला कुठे ठेवू, काही सुचत नाही.
— एक सून, सोलापूर

तुझं बाकीचं उत्तर सावकाश वाच, पण पेंटरला आजच फोन कर आणि ग्राइंडर आणायचा नाही म्हणून सांग. काम पुढे ढकललंय, एवढंच बोल. लाकडाला घट्ट धरून बसलेला जुना रंग निमूट असतो. तो कोरडा घासला, त्यावर ग्राइंडर मारला किंवा ब्लो लॅम्प धरला, की त्याचं पीठ होतं नाहीतर धूर होतो. आज बाळाच्या पोटात चौकटीचा एखादा कपटा जात असेल. ग्राइंडर मारला तर मात्र एका दुपारीत सगळं घर त्या पिठाने माखेल. ते पीठ इतकं बारीक असतं की धड दिसतही नाही. गाद्यांत, ज्वारीच्या पिंपात, पंख्याच्या पात्यांवर, तुळयांच्या खाचांत जाऊन बसतं आणि पुढे महिनोन्महिने खाली झरत राहतं. एका खोलीत दार लावून बसल्याने ते अडत नाही. जुन्या वाड्याची दारं खालून बोटभर उघडी असतातच.

माझे वडील रंगारी होते. संध्याकाळी ते आले की आम्ही भावंडं त्यांच्या शर्टाला लोंबकळायचो. शर्टावर पांढरी-हिरवी पूड असायची, आणि आई तो शर्ट आमच्याच कपड्यांबरोबर भिजवायची. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. तुला सांगायची संधी मला मिळाली आहे, म्हणून सगळं लिहिते.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांनी पाहिलं तेच त्या बोलतायत. पण त्यांच्या काळी रंग पक्का होता. आता थरावर थर चढून, आपल्या उन्हाने तडकून तो सुटतोय. शिवाय पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषतं. ते जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं, आणि त्याचा मेंदू याच वयात घडत असतो. शिशाचा त्रास तापासारखा अंगावर दिसत नाही. रक्त कमी राहतं, पोट दुखतं, चिडचिड होते, शाळेत लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात स्वभावच तसा. साठ वर्षांत कुणाला काय झालं हे तुमच्याकडे कुणी मोजलं नव्हतं. बाळाचं पहिल्यांदा मोजलं गेलं.

तरी पटलं नाही तर देव्हाऱ्यातल्या शेंदराची आठवण करून दे. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. जुना सफेता म्हणजे शिशाचा पांढरा रंग. पिवळा आणि नारिंगी शिशाच्या क्रोमेटचा, त्यात निळा मिसळला की दारांना लावायचा तो गडद हिरवा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत हवं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या चौकटींवरचे बहुतेक थर त्याच्या कितीतरी आधीचे. (आणि देव्हाऱ्यातली शेंदराची डबीही बाळाच्या हाताबाहेर ठेवा.)

१४ या आकड्याचं काय करायचं, तेही ऐक. रक्तात ५ किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत २०२१ पासून लहान मुलांसाठी ही रेषा ३.५ वर आणली आहे. निर्धास्त राहावं अशी पातळी कुणीच ठरवलेली नाही. शरीरातलं शिसं खेचून काढणारी औषधं साधारण ४५ च्या पुढे देतात, म्हणून तुझ्या डॉक्टरांनी औषध दिलं नसेल तर ते बरोबरच आहे. या टप्प्यावर औषध म्हणजे शिशाची वाट बंद करणं, आणि लोह व कॅल्शियम भरपूर मिळणं. या दोन्हींची कमतरता असली की शरीर शिसं जास्त ओढून घेतं. लोहाचं औषध डॉक्टर देतील ते नेमाने दे. जोडीला नाचणी, दूध, ताक, तीळ-गूळ, पालेभाजी, वर लिंबू, आणि जेवण वेळेवर, कारण रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. कुणी रक्त शुद्ध करायला भस्म सुचवलं तर हात जोड. नागभस्मातला 'नाग' म्हणजे शिसंच.

आता माणसं हलवायची. बाळाचा नंबर पहिला, आणि कामाच्या दिवसाची वाट न बघता याच आठवड्यात. माहेरी ने, नाहीतर जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, जिथे कुणी जवळचं असेल तिथे. घर छोटं असलं तरी चालेल, फक्त त्याच्या खिडक्यांचे पोपडे निघालेले नसावेत. तू त्याच्याबरोबर जा. कामावर देखरेख तुझ्या नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी करावी. मधूनमधून वाड्यावर जावंच लागलं तर परतल्यावर आधी अंघोळ, कपडे बदल, मग बाळाला घे. एकदा कडेवर घेतल्यावर हात धुण्यात अर्थ नाही.

निघताना एक चूक घरोघरी होते. सामान आहे तसं पिशवीत भरतात, आणि धूळ त्याच्याबरोबर दुसऱ्या घरी जाते. बाळाची प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन ने. कापडी बाहुल्या, दुपटी, चादरी घरच्या इतर कपड्यांपासून वेगळ्या धू. पोपडे निघालेला लोखंडी पाळणा आणि पांगुळगाडा असेल तर तो मागेच राहू दे. बहुतेक तोही त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगाने रंगवलेला असेल.

नणंदेबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण पत्रात तू तिच्याविषयी फक्त तारीख लिहिलीस. गरोदर बाईने या कामाच्या जवळपासही फिरकू नये. शेवटची पुसापुसी झाल्याशिवाय तिने उंबरा ओलांडू नये, ओटी भरायलासुद्धा नको. आणखी एक. ती याच वाड्यात वाढली. लहानपणी शरीरात गेलेलं शिसं हाडांत साठतं, तिथे वर्षानुवर्षं राहतं, आणि गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं तेव्हा त्याच्याबरोबर तेही रक्तात उतरतं आणि वारेतून पोटातल्या जिवापर्यंत पोचतं. म्हणून तिने आपल्या डॉक्टरांना वाड्याची गोष्ट सांगावी, रक्तातलं शिसं तपासून घ्यावं, आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नयेत. तिला घाबरवू नकोस, पण लपवूही नकोस. डोहाळजेवण यंदा तिच्या सासरी झालं तरी कौतुक कमी होत नाही. तूही तपासून घे, विशेषतः अजून अंगावर पाजत असशील किंवा दुसऱ्याचा विचार असेल तर.

सासू-सासऱ्यांना वाडा सोडवणार नाही, हे मी धरून चालते. चौकाच्या पलीकडे एखादी खोली असेल, जिच्यातून मोरीपर्यंत आणि चुलीपर्यंत जायला कामाच्या खोलीतून वाट काढावी लागत नाही, तर त्यांना तिथे राहता येईल. तशी वाट नसेल तर तेवढे दिवस त्यांनाही हलवा. वरच्या मजल्यावर भाडेकरू असतील, भिंतीला भिंत लागून शेजारी असतील, त्यांना दोन दिवस आधी सांगा. खिडक्या बंद ठेवा, वाळवणं आणि कपडे बाहेर टाकू नका, पोरांना बोळात खेळायला सोडू नका म्हणावं.

तारखांचं म्हणशील तर डिसेंबर हाच महिना धरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात प्लास्टिक लावलेल्या बंद खोलीत, पंखा न लावता, मास्क घालून कुणी काम करू शकणार नाही. पहिल्याच तासाला मास्क खाली येईल. पण काम गड्ड्यापर्यंत रेटू नका. यात्रेच्या मिरवणुकीतले नंदीध्वज बघायला अर्धवट खरवडलेल्या खिडकीपाशी पाहुण्यांची पोरं दाटीने उभी आहेत, हे मला डोळ्यांपुढेही आणवत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जेवढं झालं असेल तेवढ्यावर थांबा, घर पुसून घ्या, उरलेली खोली कुलूप लावून ठेवा. आणि यंदा पाहुण्यांना नाही म्हणायचं असेल तर कारण सरळ सांगा. बाळाच्या तब्येतीपुढे कुणी रुसत नाही.

"सगळा रंग काढायचा" हे तुझं वाक्य मात्र मला मान्य नाही. जितकं कमी खरवडाल तितकी धूळ कमी. जिथे लाकडावर लाकूड घासतं तिथलं काम खरं निकडीचं आहे: खिडकीच्या झडपा आणि चौकट, दाराच्या कडा, उंबरा. दर वेळी उघडझाप केली की तिथे पूड पडते. मग बाळाचे दात पोचतात तेवढी उंची, आणि जिथे पोपडे सुटलेत ती जागा. वरच्या तुळईवरचा रंग धड असेल तर त्याला ओल्या फडक्याने पुसून तसाच राहू द्या. वरून नुसता नवा रंग मारणं हा मात्र तात्पुरता इलाज. खालचा थर सुटला की तोही सुटणार, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नजर टाकावी लागेल. पक्का आडोसा हवा असेल तर वरून प्लायवूड किंवा पत्रा ठोकून कडा बंद करा.

झडपा बिजागऱ्यांतून काढून घ्या. काढण्याआधी त्यावर पाणी फवारा, म्हणजे हादऱ्याने पूड उडणार नाही. आजेसासऱ्यांचं सागवान टाकवत नसेल तर प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून ठेवा आणि सध्या नवीन झडपा बसवा. सुताराकडे रंधा मारायला नेऊ नका. तुमच्याकडची पूड त्याच्या दुकानात जाईल, आणि त्याचीही मुलं असतील.

खोली रिकामी करायची ती अशी: जे पुसता येत नाही ते सगळ्यात आधी बाहेर. गाद्या, गोधड्या, चादरी, पडदे, पुस्तकं, कपडे. त्यानंतर पोटात जाणारं. ज्वारीचं पिंप, शेंगदाणे, मसाल्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या. घरात कुणी बिड्या वळत असेल तर पानं, तंबाखू आणि सूप, आणि माग असेल तर सूत, हेही याच वेळी. हात सतत तिथे असतो आणि मग तोच हात तोंडाकडे जातो. प्रत्येक वस्तू ओल्या फडक्याने पुसूनच खोलीबाहेर न्या. लोखंडी कपाट हलत नसेल तर दारं-खण चिकटपट्टीने बंद करा आणि प्लास्टिकने पूर्ण झाका, जमिनीपर्यंत. देव बाहेर काढताना गुरुजींना विचारायचं असेल तर आत्ताच विचारून ठेवा. आदल्या दिवशी मुहूर्त नाही म्हणून देव आतच राहिलेली घरं मी पाहिली आहेत.

प्लास्टिक पातळ घेऊ नका. ताडपत्रीच्या दुकानात सहाशे गेजचं, म्हणजे दीडशे मायक्रॉनचं मागा. जमिनीवर दुहेरी अंथरा, आणि जिथे काम आहे तिथून सगळीकडे निदान सहा फूट पुढे जाऊ द्या. कडा भिंतीला चिकटपट्टीने बसवा. शहाबादी फरशीच्या सांध्यांत अडकलेली पूड पुन्हा निघत नाही, म्हणून हे कसोशीने करा. दारावर दोन पडदे लावा: आतल्याला मधे उभी चीर, बाहेरचा त्यावर सैल सोडलेला, म्हणजे माणूस ये-जा करेल आणि धूळ आत राहील. खिडकीचं बाहेरचं अंग असेल तर खाली बोळात दहा फूट अंथरायला हवं. कसब्यातल्या बोळाला तेवढी रुंदी नसते, तर आहे तेवढा बोळ झाका, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वळसा घालायला सांगा, आणि दर संध्याकाळी प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळून उचला. पंखा, कूलर बंद. पंख्याला पिशवी घालून बांधा.

काम ओल्यानेच करायचं, म्हणून पाण्याचा आणि विजेचा विचार आधी. आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. मधल्या दिवशी टाकीचा तळ दिसला की पेंटर हात आखडतो आणि कोरडंच घासायला लागतो. त्यामुळे पाणी येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू करा आणि कामासाठी एक पिंप वेगळं भरून ठेवा. प्यायच्या पाण्याचं पिंप आणि चौकातला हौद झाकून टाका. आणि ज्या खोलीत फवारा चालणार तिथली वीज मेनपासून बंद. जुन्या वाड्यांतलं वायरिंग, लाकडी पट्टीवरचे स्विच, त्यात ओली भिंत. शिशापेक्षा शॉक लवकर मारतो.

आता पेंटर. तो वाईट माणूस नाही, त्याला कुणी शिकवलेलं नाही. अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली, आणि २०१० पासून तिथे अशा जुन्या घरांत पैसे घेऊन काम करणाऱ्याला त्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे शिकवणारी तूच. त्याला समोर बसवून, चहा देऊन सांग की दोन दिवसांचं काम आठ दिवस चाललं तरी चालेल, आणि पैसे आठ दिवसांचे मिळतील. उक्तं काम देऊ नका. उक्त्यात घाई आली, आणि घाईत कोरडं घासणं आलं. आधी जागा फवाऱ्याने भिजवायची, मग पत्र्याने हळू खरवडायचं, सुकलं की पुन्हा भिजवायचं. घासायचं ते वॉटर पेपरने, ओलं. डब्यातलं पेंट रिमूव्हर बंद खोलीत नको. अशा अनेक द्रावणांत मिथिलीन क्लोराइड असतं, आणि कोंडलेल्या जागी त्याच्या वाफेने माणूस दगावू शकतो.

तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही, दवाखान्यातला निळा मास्कही नाही. निदान एन-९५, शक्य असेल तर पी-१०० फिल्टरचा रबरी मास्क, आणि तो तुम्ही विकत आणून द्या. त्याच्या मजुरीत धरू नका. डोक्याला टोपी, वेगळे कपडे, वेगळ्या चपला. ते कपडे रोज तुमच्याकडेच राहतील आणि वेगळे धुतले जातील. आणि हे मात्र अगदी आग्रहाने: कामाच्या खोलीत तंबाखू मळायची नाही, बिडी ओढायची नाही, मावा नाही, चहा नाही. पूड लागलेल्या तळहातावर मळलेली तंबाखू म्हणजे शिसं थेट दाढेखाली. बाहेर येऊन साबणाने हात-तोंड धुऊन मग काय ते करावं. मोरीपाशी साबणाची वडी, टॉवेल आणि पाण्याची बादली त्याच्यासाठी ठेवा. घरी गेल्यावर त्याचीही पोरं त्याच्या शर्टाला लोंबकळणार आहेत.

रोजचं काम संपलं की तासभर खोली बंद ठेवा, उडालेलं खाली बसू द्या. मग मोठे पोपडे ओले करून उचला. केरसुणीला हात लावायचा नाही, घरचा व्हॅक्यूमही नाही; दोन्हींनी धूळ पुन्हा हवेत जाते. हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक पूडही अडवणारा, व्हॅक्यूम भाड्याने मिळाला तर उत्तम, नाहीतर ओलं फडकं आणि चिकाटी. वरून खाली पुसत या, आतून दाराकडे. बादल्या दोन: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायचं पाणी, आणि ते सारखं बदला. एकाच गढूळ पाण्याने पुसलं तर शिसं इकडून तिकडे सरकतं, एवढंच. हे मळकं पाणी चौकात, तुळशीत किंवा उघड्या गटारात ओतू नका. जाड फडक्यातून गाळून संडासात टाका आणि ते फडकं कचऱ्यात.

शेवटच्या दिवशी हेच सगळं दोनदा. मग नवीन पांढरं फडकं ओलं करून खिडकीच्या कट्ट्यावरून आणि जमिनीवरून फिरवा. करडं निघालं तर पुन्हा पुसा. खोली अशी निघाली की मगच प्रायमर आणि नवा रंग. नव्या डब्यावर शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही असं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. ग्रिल फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणार असाल तर रंग तुम्हीच नेऊन द्या. तो नियम घरगुती रंगांचा आहे, कारखान्यांसाठीच्या रंगांना लागू नाही.

कचऱ्याबद्दल मला हात जोडून सांगायचंय. पोपडे, प्लास्टिक, फडकी जाड पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, तोंड पिळून चिकटपट्टीने बंद, वर "शिशाचा रंग" असं लिहून. घंटागाडीवाल्याला आधी विचारून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं हातात द्या. भंगारवाल्याला नको. आणि जुन्या झडपांचं, चौकटीचं लाकूड कधीही बंबात घालू नका, चुलीत नको, होळीत नको. सागवान म्हणजे छान जळतं, पाणी लवकर तापतं, म्हणून सासरे ते बंबासाठी रचून ठेवतील. त्याच्या धुरात शिसं, राखेत शिसं, आणि त्याच राखेने कुणीतरी भांडी घासणार. हे आधी बोलून ठेव.

खिडक्यांखालची माती विसरू नकोस. वर्षानुवर्षांचे पोपडे तिथेच पडलेत. बाळ परत येण्याआधी तिथे फरशी बसवा, निदान वरून ताज्या मुरुमाचा जाड थर टाका.

बाळाची दुसरी तपासणी एक ते तीन महिन्यांत करतात. नेमकी कधी ते डॉक्टरांना विचार. त्याच प्रयोगशाळेत दे आणि शिरेतूनच रक्त घ्यायला सांग, कारण बोट टोचून घेतलं तर बोटावरची धूळ मिसळून आकडा फसवा येतो. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला महिनाभर तरी लागतो, आणि हाडांतलं मागून उतरत राहतं, म्हणून तो आकडा लगेच खाली दिसला नाही तर खचू नकोस. दोन-तीन तपासण्यांनंतरही उतरेना, तर शिसं रंगाशिवाय दुसरीकडूनही येतंय असं समज. सुटी, नजरेत भरावी इतकी पिवळीजर्द हळद, शिसं मिसळून कल्हई केलेली पितळी भांडी, घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम, सासरे किंवा नवरा कुठे काम करतात ते, एकेक तपासायला लागेल. पहिला रिपोर्ट जपून ठेव, आणि दुसरा आला की दोन्ही आकडे मला कळव. नणंदेचाही.